मेडशीची मुकी पेटी

सोयाबीनच्या हंगामात इचलकरंजीहून वाशीमला कोणी हौसेने जात नाही. मीही हौसेने गेले नव्हते. पिशवीत दोन कुर्ते, माप घ्यायचा व्हर्नियर आणि निम्मं लिहून झालेलं एक पत्रक होतं. पत्रकाचा मथळा ठरला होता: 'प्लास्टिकचे बुश, मजुरांचे हात'. आरोपीही ठरला होता. त्याला बघायचं तेवढं राहिलं होतं.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी शेगडीवर मैदा शिजायचा तो खळीसाठी. वडील यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापायचे, आई ती भिंतींवर चिकटवायची, आणि मला अक्षरओळख झाली ती त्याच कागदांवर. जगात दोन पक्ष असतात आणि त्यातला आपला कोणता, हे मला शाळेत जायच्या आधी कळलं. पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, एका लहानशा मासिकात लिहू लागले, तरी वाक्य पत्रकाचंच येतं. आखूड, आणि बोट रोखलेलं.

वाशीमला शेतमजुरांत काम करणाऱ्या सुनंदाताईंचा फोन आला होता. मेडशी गावात एका हडंब्याची गिअरपेटी चालता चालता फुटली. हडंबा म्हणजे सोयाबीन मळायचं यंत्र. ट्रॅक्टरच्या जोरावर ते फिरतं आणि बाया त्याच्या तोंडाशी उभ्या राहून आत सोयाबीन सारतात. फुटलेल्या पेटीचा तुकडा कौसाबाई नावाच्या मजूर बाईच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं गेली. पेटी उघडली तेव्हा आतल्या दांड्याला धरणाऱ्या कड्या, म्हणजे बुश, गनमेटल या पितळासारख्या धातूच्या ऐवजी प्लास्टिकच्या निघाल्या. त्या वाशीमच्या युसूफभाई खरादीने त्याच्या लेथवर करून दिल्या होत्या.

"बाजाराच्या दिवशी हडंबेवाले आन मजूर मेडशीत बसणार हायत," सुनंदाताई म्हणाल्या. "युसूफभाईचं काम आजूबाजूच्या गावांत बंद करायचं का नाई, ते ठरवाले. तुझं पत्रक तिथं वाचू."

मी एका बैठकीत निम्मं लिहून काढलं.

वाशीम

स्टेशनावरून ऑटोने बाजारात आले आणि सुनंदाताईंच्या घरी पिशवीही न टेकता आधी खरादीच्या दुकानात गेले. दोन लेथ, एक ड्रिल, दारात लोखंडाच्या किसाचा ढीग. वास अगदी आमच्या गावचा: तापलेलं लोखंड आणि त्यावर पडणारं पाणीमिश्रित तेल. पण आमच्याकडे अशा दुकानात बाई शिरली की चार माणसं कामं थांबवून विचारतात, 'कोण पाहिजे?' इथे लेथवरच्या माणसाने मान न वळवता विचारलं.

"पत्रकवाली तूच का वं?"

"हो."

"मंग बस. चहा पेय, मंग शिव्या दे. उपाशीपोटी शिव्यात दम नसते."

हे युसूफभाई. पन्नाशीचे, रुंद मनगटांचे, अंगात तेलाने काळा पडलेला बनियन. आमच्याकडे अनोळखी बाईला पहिल्याच वाक्यात 'तू' म्हटलं तर भांडण होईल. इथे 'तू' म्हटलं नाही तर माणूस राग धरून आहे असं समजायचं, हे सुनंदाताईंनी नंतर सांगितलं. म्हणजे त्यांनी अजून राग धरला नव्हता. मी धरून आले होते.

चहा गुळाचा होता. तो संपायच्या आत त्यांनी बदामी रंगाचा एक दांडका माझ्या हातात दिला. अपेक्षेपेक्षा जड आणि गार.

"हे पीक. नाव हाय प्लास्टिकचं. गिऱ्हाईक हासतात, म्हणतात पीक वावरात येते, तू दांडक्यात विकतं."

हे नाव मला माहीत होतं. ते खेळण्यातलं प्लास्टिक नव्हे. उकळत्या तेलात ठेवलं तरी नरम पडत नाही. नायलॉन दमट हवेत पाणी पिऊन फुगतं आणि दांड्याला आवळून धरतं, हे तसं फुगत नाही. मोठमोठ्या यंत्रांत तेलात बुडालेल्या जागी ते वापरतात. विकत घ्यायला मात्र भलतं महाग. मग ते या दुकानात आलं कुठून, असं मी विचारलं.

"कारखान्यात उरलेले तुकडे. भंगारवाला आनते."

"म्हणजे भंगार."

"भंगार त लोखंडबी असते बाई. करनाऱ्यावर असते ते."

त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक चालू लेथच्या पेटीला लावलं आणि मूठ माझ्या कानाला. आत खडखड ऐकू आली, जणू डब्यात फुटाणे हलवतंय कोणी. "हे गनमेटलचं." मग टोक दुसऱ्या लेथच्या पेटीवर. तिथे त्यांनी स्वतःचे बुश बसवले होते. कानात फक्त एक सरसर, चाळणीतून पीठ पडल्यासारखी.

"हेच इकतो मी," ते म्हणाले. "आवाज नाई. हडंबेवाले दुरून येतात याच्यासाठी. मेडशी, मालेगाव, पार रिसोडपर्यंत. दिवाळीपर्यंत काम, अन् त्याच्यावर माहं साल निघते. मेडशीनं नाई म्हटलं त मी शटर पाडतो, दुसरा इलाज नाई."

"बाईचा हात गेलाय, युसूफभाई."

"मले काय सांगतं. मी दवाखान्यात जाऊन आलो." ते पुन्हा लेथकडे वळले. "लिहिजो तू. पण पाहून लिहिजो. सुनंदाबाई सांगे, निम्मं तू घरूनच लिहून आनलं म्हणे."

मला ते झोंबलं. अन्यायाची बातमी कळल्यावर तो बघेपर्यंत थांबायचं असतं, असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मेडशी

एसटी मालेगाव सोडून पुढे निघाली तेव्हा दोन्हीकडे कापलेली वावरं आणि सोयाबीनच्या काळपट गंज्या होत्या. मधूनमधून उभी तूर. आभाळ भरून येत होतं, आणि प्रत्येक वावरात माणसं आभाळाकडे बघून मग हाताकडे बघत होती. गंजी भिजली तर दाणा काळा पडतो. आमच्या उसाला दोन दिवस इकडे तिकडे चालतात. या पिकाला चालत नाहीत.

प्रल्हादभाऊंचा हडंबा गावाबाहेर एका गंजीशी लागला होता. फुटलेल्या पेटीच्या जागी दुसरी बसवून काम सुरूही झालं होतं. भुसा, ज्याला इथे कुटार म्हणतात, धुरासारखा उडत होता. पोचल्या पोचल्या माझ्या मानेला खाज सुटली ती वाशीमला परत जाईपर्यंत गेली नाही. हडंब्याच्या तोंडाशी चार बाया तोंडाला फडकी बांधून उभ्या होत्या. त्यांचे हात आत जायचे आणि बाहेर यायचे. मी ते फार वेळ बघू शकले नाही.

प्रल्हादभाऊ हडंब्याचे मालक, वाळलेले, चपळ. त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात फुटलेला बुश होता. आल्यागेल्या प्रत्येकाला तो दाखवून रुमालाच्या घड्या तेलकट झाल्या होत्या.

"हे पाह्य. प्लास्टिक. लेकराच्या भोवऱ्यात घालाच्या लायकीचं. अन् हे माह्या पेटीत."

बुशाचे दोन तुकडे झाले होते. मी ते जुळवून धरले आणि आतून व्हर्नियर लावला. मग पुन्हा लावला. आतला भाग गुळगुळीत होता आणि माप जवळजवळ नव्या बुशाचंच होतं. फुटला होता, पण झिजला नव्हता. माझ्या पत्रकात 'झिजून झिजून' असे शब्द होते. खरं सांगायचं तर मला ते माप आवडलं नाही.

"यात फिरणारा दांडा कुठंय?"

"कोन्ता दांडा?"

"लोखंडी. बुशातला."

प्रल्हादभाऊंनी आठवायचा प्रयत्न केला. मग हनुवटीने धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे दाखवलं. तिथे बाभळीखाली एक बकरी बांधली होती, आणि तिचा खुंटा म्हणून तोच दांडा जमिनीत ठोकला होता. बुशाचे तुकडे साऱ्या गावाने हातात घेऊन पाहिले होते. दांड्याकडे बकरीशिवाय कोणी पाहिलं नव्हतं.

मी तो हलवून हलवून उपटला. दोरी सोडायची असते हे लक्षात आलं नाही. बकरी दोरीसकट तुरीत घुसली आणि मी तिच्यामागे. बाया हडंब्याजवळून ओरडत होत्या, "डाव्या आंगानं, डाव्या आंगानं", पण डावी कोणाची, माझी की बकरीची, ते कळेना. शेवटी त्यातलीच एक आली, 'च्यूच्यू' केलं आणि बकरी तिच्या पायाशी येऊन उभी राहिली. "शिकेल बाई हाय," ती बाकीच्यांना म्हणाली. शिकेल म्हणजे शिकलेली.

मग मी दांड्याची माती पुसली. जिथे बुश बसत होता तिथे लोखंडाला कंबर पडली होती. बोट फिरवलं तर खाच लागत होती. दांडा बारीक झाला, बुशात डगमगू लागला, गिअरचे दाते एकमेकांवर चढले आणि पेटी फुटली. झिजलं होतं ते लोखंड.

प्रल्हादभाऊंनी बघितलं आणि हसले. "मॅडम, लोन्यानं सुरी झिजते काय?"

"पेटीत तेल कोणतं घालता?"

"ट्रॅक्टरचं जळकं. इंजिनातून काढेल. फेकून कायले द्याचं? माह्या बापापासून असंच चालते. गनमेटल होतं तवाबी हेच होतं."

डबा तिथेच होता. आत डांबरासारखं काळं तेल. मी रिकाम्या बाटलीत थोडं मागून घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"तुमी मजुराकडून आल्या का त्या खरादीकडून?"

"मजुरांकडून."

"मंग माहं तेल कायले पाह्यता? प्लास्टिक पाहा."

मी बाटली आणि दांडा पिशवीत टाकून निघाले. परतीच्या एसटीत बाटलीचं झाकण सैल झालं. माझा दुसरा कुर्ता, सीट आणि शेजारच्या आजोबांचं धोतर काळं झालं. कंडक्टर मालेगाव येईपर्यंत बोलत होता, आजोबा एकदाच बोलले: "हे तेल धुतल्यानं जात नाई पोरी, ते कपड्यासंगच जाते." अर्धी बाटली वाचली.

पोहरादेवी

कौसाबाई पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावरच्या. हंगामात त्या मेडशीकडे मजुरीला जातात, हंगाम संपला की ऊसतोडीला आमच्याकडे, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला. पोहरादेवी तीर्थाचं गाव, पण जत्रेचे दिवस नव्हते. प्रसादाची दुकानं अर्धी उघडी, रस्ता मोकळा. सुनंदाताई सोबत होत्या. वाटेत त्यांनी मला दोनदा सांगितलं, "प्रश्न कमी इचारजो."

कौसाबाई ओसरीवर बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. डाव्या हाताने भाकरी मोडायचा सराव चालला होता. भाकरीला त्यांच्यात बाटी म्हणतात. त्यांनी तिचा अर्धा तुकडा आणि मिरचीचं कालवण माझ्यापुढे सरकवलं. मी बसले आणि सुरुवात केली: मालकांचा नफा, स्वस्त माल, मजुरांच्या जिवाची किंमत.

त्यांनी घास गिळला. "तू सांगून राह्यली का इचारून राह्यली?"

सुनंदाताईंनी जमिनीकडे बघितलं.

"विचारते," मी म्हटलं. "त्या दिवशी पेटीतून काही आवाज येत होता?"

"आवाज कुठचा? आवाजच नव्हता." त्या जरा पुढे सरकल्या. "दरसाली हडंबा खडखड करे. खडखड वाढली का आमी हात आखडो अन् बोंबलो. मंग प्रल्हादभाऊ मशीन थांबवे, पेटी उघडे. असंच करत आलो आमी. पेटी बोलली का उघडाची. औंदा पेटी मुकीच. म्या म्हटलं, बरं झालं, मशीन चांगली करून आनली भाऊनं. मी त तिच्यावर हात टेकून उभी राहे."

तांड्यावर कुठेतरी कोणी कांडत होतं.

माझ्या डोक्यात युसूफभाईंचा स्क्रूड्रायव्हर होता आणि कानात ती सरसर. प्लास्टिक हादरा पिऊन टाकतं. दांडा निम्मा झिजला, डगमगला, तरी ते आवाज बाहेर येऊ देत नाही. गनमेटलने आधीच कल्ला केला असता. इथे तर पेटी उघडायची वेळ ठरवण्याची एकच रीत होती, कान. आणि युसूफभाई तोच कान बंद करून विकत होते. चांगल्या मनाने.

निघताना कौसाबाई म्हणाल्या, "माह्या हाताचा फोटू छापू नोको."

मी तो छापणार होते. पहिल्या पानावर, मोठा.

पुन्हा वाशीम

आता मला कारण पाहिजे होतं. लोण्याने सुरी झिजत नाही, मग दांडा झिजला कसा? युसूफभाईंना दांडा दाखवला तेव्हा ते बराच वेळ तो उलटासुलटा करत राहिले.

"माहा बुश सलामत हाय," शेवटी म्हणाले. आवाजात सुटका होती. मला त्या सुटकेचा राग आला.

"बुश सलामत आहे म्हणूनच दांडा गेला असेल तर?"

आम्ही दुकानातच परीक्षा लावली. त्याच जातीचा नवा दांडा लेथवर चढवून गुळगुळीत केला. एक बुश उभा चिरून दोन अर्ध्या कड्या केल्या, दांड्यावर शेजारी शेजारी टेकवल्या आणि दोघींवर सारखं वजन टांगलं. एकीवर सीलबंद डब्यातलं नवं तेल ठिबकू लागलं, दुसरीवर प्रल्हादभाऊंच्या बाटलीतलं. लेथ सुरू केला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवून बाहेर जायला तयार नव्हते आणि त्यांना ते कळत होतं. दोघंही समोरासमोर स्टुलावर बसून एका फिरत्या दांड्याकडे बघत होतो.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी त्यांना डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत बघितलेली गोष्ट सांगितली. असलं प्लास्टिक कोरडं चालवलं तर ते स्वतःचा पातळसा थर लोखंडावर चढवतं, आणि मग प्लास्टिकच प्लास्टिकवर घासतं.

"दुधावर साय धरते तसं."

"तसंच. पण मध्ये तेल असलं की ही साय धरत नाही. लोखंड उघडंच राहतं. तेल स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही, दोघांना ते वेगळं ठेवतं. तेलात काही असेल तर…"

"त?"

"तेच बघतोय."

दुपारी शमीमभाभी, त्यांच्या बायको, आतल्या घरातून भाकरी, अंबाडीची भाजी आणि तळलेल्या मिरच्या घेऊन आल्या. मिरची आमच्याकडेही खातात, पण इकडची भाजीच्या जागी खातात. भाभींनी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे, मग लेथकडे पाहिलं आणि काही न विचारता ताट ठेवून गेल्या.

लेथ थांबवला तेव्हा उन्हं उतरली होती. दांडा पुसला. नव्या तेलाखालचा पट्टा आरशासारखा होता, त्यात बोट दिसत होतं. जळक्या तेलाखालचा पट्टा करडा, आणि नखाला लागतील अशा रेघा. शेजारच्या घड्याळजीकडून भिंग आणलं. पहिली कडी आतून बदामी, स्वच्छ. दुसरीत काळे चमकते कण जागोजाग रुतून बसले होते. जळक्या तेलातली काजळी, लोखंडाचा चुरा, वावरातली बारीक रेती. मऊ प्लास्टिकने ते सगळं पोटात घेतलं होतं आणि घट्ट धरून ठेवलं होतं. ती कडी आता कडी नव्हती, लोखंड घासायचा एमरी कागद झाली होती.

युसूफभाईंनी भिंग खाली ठेवलं. "तेल. म्हनजे तेलानं खाल्लं. लिही."

"लिहिते. आणि आवाजाचंही लिहिते."

"आवाजाचं काय?"

"पेटी बोलली की उघडायची, ही या लोकांची रीत. तुम्ही पेटी मुकी केलीत. करायला हरकत नव्हती. पण मग ठराविक दिवसांनी उघडून बघा, हे एकाला तरी सांगितलंत?"

ते उठले. हातातलं पुसायचं फडकं लेथवर आपटलं. "मी चांगलं म्हणून देल्लं. चार बुशाचे पैसे घेऊन खोटं नाई इकलं. तेल त्याइनं घातलं, अन् नाव माहं?"

"दोघांचं नाव."

"तुले लोकं ठाऊक नाईत." ते आता तुटक हिंदी-मराठीत बोलत होते. "लोकं सिरफ एकच लफ्ज वाचतीन. युसूफ. बाकीचं पत्रक भजे बांधाले जाईन. अन् माह्यासारख्या नावाले आजकाल पेटाले काडीबी लागत नाई."

ते खरं बोलत होते. म्हणून निम्मं सत्य छापायचं का? वडिलांनी मला शिकवलं होतं की दुबळ्याच्या बाजूने उभं राहायचं. इथे दुबळे दोन होते, आणि एकाच्या बाजूने गप्प बसलं की दुसऱ्याच्या हाताला धोका. तशाच बुशाचे, तशाच तेलाचे हडंबे त्या क्षणी गावोगाव चालू होते.

"मी उद्या मेडशीत वाचणार आहे," मी म्हटलं. "आलात तर तुमच्या तोंडावर वाचेन. नाही आलात तर तुमच्या पाठीमागे वाचावं लागेल. ते मला आवडणार नाही."

"मले मानसात बोलता येत नाई."

"मला बकरी धरता येत नाही."

ते हसले नाहीत. ताट तसंच राहिलं होतं. मी सुनंदाताईंकडे आले, जुनं पत्रक फाडलं आणि नवीन लिहायला बसले. मथळा सुचला नाही. मथळ्याशिवाय लिहिलेलं ते माझं पहिलं पत्रक.

मेडशी, बाजाराचा दिवस

सभा म्हणजे एसटी थांब्यामागच्या कडुलिंबाखाली उभी-बसलेली माणसं. एका बाजूला हडंबेवाले, दुसऱ्या बाजूला मजूर, त्यात बायाच जास्त. कौसाबाई सुनंदाताईंबरोबर आल्या होत्या, हात ओढणीत अडकवलेला. प्रल्हादभाऊंचा हडंबा मागेच उभा होता, संध्याकाळी दुसऱ्या वावरात जायचा म्हणून ट्रॅक्टरला जोडलेला. आभाळ काळं. सगळ्यांना लवकर उठायचं होतं, आणि घाईत असलेल्या माणसांचा निकाल आधीच झालेला असतो. युसूफभाई आले नव्हते.

मी वाचायला लागले. जळक्या तेलाच्या ओळीवर प्रल्हादभाऊ मधेच उभे राहिले.

"म्हनजे चोर सोडून संन्याशाले. माह्या बापापासून तेच तेल हाय. बदललं काय? बुश बदलला. मंग दोष कोनाचा?"

हडंबेवाल्यांत होकार उठला. कोणीतरी मागून म्हणालं, "त्याइचं कामच तसलं असते."

"जातीवर नोको जाऊ बे," प्रल्हादभाऊच वळून म्हणाले. "बुशावर बोल."

मी दोन कड्या आणि भिंग पुढे केलं. भिंग हातोहात फिरलं. कोणी कडीकडे, कोणी स्वतःच्या नखाकडे बघितलं. निकाल काही हलला नाही. एकाने हिशोब साफ सांगितला: "तेल बदलाचं का बुश बदलाचा? बुश बदलनं सोपं. गनमेटल टाका, खरादी बदला, उठा." चार-पाच जण उठलेही.

तेवढ्यात वाशीमची एसटी थांबली आणि युसूफभाई उतरले. धुतलेला सदरा, हातात पान्यांची पिशवी. ते गर्दीच्या कडेला आले, आत आले नाहीत. माझ्याकडे बघितलं. वाच, असं.

मी पुढचा परिच्छेद वाचला. त्यांच्या नावासकट, त्यांच्या तोंडावर. आवाज बंद करून विकला आणि उघडायला सांगितलं नाही, हे.

"खरं हाय का?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"खरं हाय." युसूफभाईंनी पिशवी खाली ठेवली. शब्द एकेक करून येत होते. "मले वाटलं, आवाज गेला म्हनजे रोग गेला. मी सोता कान लावून फिरतो, अन् तुमचा कान मीच बंद केला. सांगाले पायजे होतं. नाई सांगतलं." मग प्रल्हादभाऊंकडे वळून: "पन भाऊ, ते तेल तू भाजीत घालशील काय?"

बायांत हसू फुटलं. प्रल्हादभाऊंना हसू आलं नाही, पण ते खाली बसले.

आता सगळे कोणाकडे तरी बघत होते, आणि ते कोणी म्हणजे कौसाबाई आहेत हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. एका म्हाताऱ्या हडंबेवाल्याने विचारलंच, "तुह्या हाताचं झालं. तू सांग माय. याचं काम ठेवाचं का बंद?"

कौसाबाईंना घाई नव्हती. "हे दुकान बंद केल्यानं माहे बोटं येतीन काय?" त्या म्हणाल्या. "दुसरा खरादी दुसरं काही आनन. त्याले कोन इचारन? हा त इचारल्यावर सांगते तरी. याचं काम ठेवा. पन यानं दर बाजाराच्या दिवशी मेडशीत याचं. जेवढे हडंबे तेवढ्या पेट्या उघडाच्या, आमच्यासमोर. त्याचे पैसे घ्याचे नाईत. अन् तेल नवं. डबा आमच्यासमोर फोडाचा. पेटी उघडल्याबिगर एकबी बाई हडंब्याजवळ उभी राहनार नाई."

"अन् पानी आलं त?" प्रल्हादभाऊंनी आभाळाकडे हात केला. "गंजी भिजन."

"भिजू दे. गंजी सुकते."

मागच्या बाया, ज्या इतका वेळ बसून होत्या, त्या उठून कौसाबाईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोणी घोषणा दिली नाही. मला द्यावीशी वाटली, पण तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्याने हडंबेवाल्यांकडे बघितलं. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही, आणि इथे होकार असाच असतो हे सुनंदाताईंनी माझा दंड दाबला तेव्हा मला कळलं.

युसूफभाईंनी पिशवीतून पाना काढला. "कोन्तीपासून?"

"थे," कौसाबाईंनी प्रल्हादभाऊंच्या हडंब्याकडे बोट दाखवलं. डाव्या हाताचं.

प्रल्हादभाऊ जागचे हलले नाहीत. मग उठले, ट्रॅक्टरची चावी काढून खिशात टाकली आणि वाट दिली. युसूफभाई पेटीशी गुडघ्यावर बसले. पहिला बोल्ट घट्ट होता, दोनदा पाना निसटला. तोवर कौसाबाई येऊन पेटीला इतक्या लागून उभ्या राहिल्या की झाकण उचलायला युसूफभाईंना बाजूला सरकावं लागलं.